पाच स्टार नेमके कुणाला मिळाले? मागच्या सीटवरच्या तिघांसाठी सेडान निवडताना

सुदामानगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे : "काका, आम्ही पाच जण आहोत. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. वर्षातून दोन-तीनदा इंदूर-पुणे होतंच. ओळखीतून २०१९ ची होंडा सिटी मिळते आहे. थोडं कर्ज काढलं तर नवी फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया किंवा ह्युंदाई व्हर्ना येईल. कुणी म्हणतं सिटीला चारच स्टार, व्हर्टसला पाच. कुणी म्हणतं पाच स्टारवाल्या व्हर्टसचे सीट बेल्टच कंपनीने परत बोलावले होते. मग विश्वास स्टारवर ठेवायचा की रिकॉलवर? आणि रिकॉल झालेली गाडी घ्यावी का?"

ताई, मी इंदुरात अठ्ठावीस वर्षं मोटर सर्व्हेअर आहे. अपघात झाला की विमा कंपनी ज्याला गाडी बघायला पाठवते तो माणूस. शोरूममधली गाडी मी क्वचितच बघतो. माझ्यासमोर येते ती क्रेनने उतरवलेली, काच फुटलेली, एअरबॅग लोंबकळत असलेली. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येईल.

स्टार आणि रिकॉल या एकमेकींच्या विरुद्धच्या गोष्टी नाहीत. स्टार मॉडेलला मिळतात. त्या मॉडेलची एक गाडी, एका ठरलेल्या वेगाने, एका ठरलेल्या अडथळ्यावर आपटून बघितली तेव्हा आतल्या पुतळ्यांना किती मार लागला, एवढं ते सांगतात. रिकॉल लागतो तो चेसिस नंबरला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बनलेल्या गाड्यांत एक भाग खराब निघाला, तुमची गाडी त्यात आहे की नाही, एवढाच तो प्रश्न. म्हणून "व्हर्टसला पाच स्टार" आणि "व्हर्टसचे बेल्ट परत बोलावले" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

आधी स्टार. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आपटून स्टार देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो, सगळ्या बिनएअरबॅगच्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार. त्या दिवसापर्यंत आपल्याकडे गाडी घेताना ॲव्हरेज आणि रीसेल याखेरीज तिसरा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. आता आपला स्वतःचा भारत एनकॅप आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून. तो ऐच्छिक आहे. गाडी द्यायची की नाही हे कंपनी ठरवते, म्हणून एखाद्या गाडीला स्टार नसणं म्हणजे ती नापास झाली असं नाही. (इंदुरात अनेकांना वाटतं की पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये गाड्या आपटून स्टार देतात. तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आपल्या भागाची अभिमानाची गोष्ट आहेच, पण त्याचं काम वेग, ब्रेक आणि गाडीची पकड तपासण्याचं.)

चाचणीत समोरून ताशी ६४ किलोमीटरने गाडी अडथळ्यावर नेतात, तीही पूर्ण तोंडाने नाही, चालकाच्या बाजूचा ४० टक्के भागच आदळतो. कारण खऱ्या रस्त्यावर दोन गाड्या अशाच भिडतात, शेवटच्या क्षणी स्टिअरिंग वळवल्यामुळे कोपऱ्याला कोपरा. जुलै २०२२ पर्यंत ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांचे गुण १७ पैकी असायचे आणि मुख्य वजन या एका आदळण्यावर होतं. त्यानंतर नियम कडक झाले. बाजूने ५० च्या वेगाची धडक, खांबावर आडवी २९ च्या वेगाची धडक, घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा, पायी चालणाऱ्याची सुरक्षा हे सगळं मोजणीत आलं आणि गुण ३४ पैकी झाले.

म्हणून स्टारच्या आकड्याला तारीख लावल्याशिवाय तो वाचायचा नाही. होंडा अमेझचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिला मोठ्यांसाठी ४ आणि मुलांसाठी १ स्टार मिळाला. २०२४ मध्ये त्याच पिढीच्या अमेझला नव्या नियमांनी मोठ्यांसाठी २ आणि मुलांसाठी शून्य. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा अवघड झाली होती. तुमच्या ओळखीतली २०१९ ची सिटी चौथ्या पिढीची आहे. तिला २०२२ मध्ये मोठ्यांसाठी ४, मुलांसाठीही ४ स्टार मिळाले, १७ पैकी १२.०३ गुणांवर, म्हणजे जुन्या परीक्षेत, दोन एअरबॅगच्या गाडीला. व्हर्टस आणि स्लाव्हिया आतून एकच गाडी आहे, दोन्ही चाकणला बनतात. एप्रिल २०२३ मध्ये त्यांना नव्या परीक्षेत मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ५ मिळाले, ३४ पैकी २९.७१. म्हणजे चार आणि पाच यांतला फरक एका स्टारचा दिसतो, प्रत्यक्षात तो त्याहून बराच मोठा आहे. (पाचव्या पिढीच्या सिटीला आसियान एनकॅपने, म्हणजे आग्नेय आशियातल्या अशाच संस्थेने, २०२० मध्ये पाच स्टार दिले होते. विकणारा कधीकधी तोच आकडा जुन्या सिटीसाठी सांगून मोकळा होतो. पिढी विचारा.)

व्हर्नालाही ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्हीकडे पाच स्टार मिळाले, ३४ पैकी २८.१८. पण त्याच अहवालात एक ओळ आहे जी जाहिरातीत येत नाही : बॉडीशेल "अनस्टेबल". पाय ठेवायची जागाही तशीच. सर्व्हेअर म्हणून माझी नजर आधी तिथेच जाते. धडकेत पुढचा पत्रा, बंपर, एप्रन (बॉनेटखालचा, चाकाच्या वरचा आतला पत्रा), रेडिएटर हे सगळं चुरगळलंच पाहिजे, त्यासाठीच ते असतं. पण माणसं बसतात तो पिंजरा, म्हणजे समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब, छताची कड, दाराखालची पट्टी, हा जागेवर राहायला हवा. तो राहिला की दार हाताने उघडतं. वाकला की गॅस कटर आणावा लागतो. अनस्टेबल म्हणजे त्या वेगाला पिंजरा मर्यादेला पोचला, त्याहून जोराचा धक्का तो पेलेल याची खात्री नाही. व्हर्ना वाईट गाडी आहे असं मी म्हणत नाही. सहा एअरबॅग सुरुवातीपासून सगळ्या मॉडेलला दिल्या, हे चांगलंच केलं. पण एबी रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, चालवायची गाडी निवडताना मी स्टेबल पिंजऱ्याला एअरबॅगच्या संख्येपेक्षा वरचं स्थान देईन.

आता तुमच्या घराशी सगळ्यात जवळचा मुद्दा. समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे फक्त पुढच्या दोन सीटवर असतात. मागे असतात ते लहान मुलांचे पुतळे, दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे, तेही कंपनीने सुचवलेल्या चाइल्ड सीटमध्ये घट्ट बांधलेले. म्हणजे पाच स्टारच्या त्या धडकेत तुमच्या सासूबाईंच्या जागी कुणी बसलेलंच नव्हतं. तुमची लेक सहा वर्षांची, तिच्या मापाचा पुतळाही त्यात नव्हता. तुमच्या घरातली तीन माणसं मागे बसणार आणि मोठ्यांचे स्टार पुढच्या दोघांवरून ठरलेले. समोरच्या धडकेत मागच्या माणसांचं रक्षण करते ती मुख्य वस्तू बेल्ट. आपण नेमका तोच सीट कव्हरखाली दाबून टाकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मला मानपूरच्या पुढे स्पॉट सर्व्हेला बोलावलं. पहाटेची वेळ, धुकं, रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रॉला, मागे ना दिवा ना दगड. सेडानचा डावा कोपरा त्याला लागला होता. पुढच्या दोघांनी बेल्ट लावलेले, दोन्ही एअरबॅग उघडलेल्या, पिंजरा शाबूत. मुलगा आणि सून आपल्या पायांनी बाहेर आले होते. आई मागे होत्या, बेल्टशिवाय, शाल पांघरून आडव्या झालेल्या. मी जेव्हा आतून गाडी पाहिली तेव्हा पुढच्या डाव्या सीटची पाठ डॅशबोर्डकडे झुकलेली होती. ती धडकेने वाकली नव्हती, आईच्या अंगाच्या धक्क्याने वाकली होती. सूनबाईंच्या दोन बरगड्या त्यामुळे मोडल्या. आई तीन आठवडे रुग्णालयात होत्या आणि घरी आल्या नाहीत. त्या मुलाने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "गाडी तर चांगली होती ना?" गाडी चांगलीच होती. मागचे बेल्ट मी स्वतः ओढून पाहिले, नव्यासारखे होते, एकदाही न वापरलेले.

तेव्हापासून मी प्रत्येक ओळखीच्या घरी हे सांगतो. मागे बेल्ट न लावलेला माणूस स्वतःला तर मारतोच, पुढच्यालाही मारतो. मागचा बेल्ट कायद्यानेही सक्तीचा आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधणंही मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बी मध्ये आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी मर्सिडीज होती.

तुमच्या रस्त्याबद्दलही बोलायला हवं. राऊ, मानपूर, धामनोद, खलघाटचा नर्मदेचा पूल, जुलवानिया, सेंधवा, बिजासन, शिरपूर, धुळे. हा रस्ता मला घराच्या जिन्यासारखा पाठ आहे. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली हे निमाडातलं कुणीही सांगेल. नव्या वळणमार्गाने तिथला धोका कमी केला, पण ट्रक तेवढेच आहेत. चाचणीतला अडथळा आपल्या बॉनेटच्या उंचीचा आणि चुरगळणारा असतो. ट्रकचा मागचा भाग बॉनेटच्या वर सुरू होतो. मागचा लोखंडी बार नसेल किंवा कुजलेला असेल, तर सेडानचं बॉनेट खाली घुसतं आणि पहिला मार थेट काचेवर येतो. तिथे पाच स्टार आणि एक स्टार यांत फारसा फरक उरत नाही. दुसरं, वेग. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६४ ऐवजी १०० वर आदळलात तर जोर दीडपट होत नाही, जवळजवळ अडीचपट होतो. ज्या वेगाला गाडी पास झाली तो वेग ६४ होता, हे धुळ्याच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं : पहाटे तीनला निघून "दुपारच्या जेवणाला पुणे" हा बेत सोडा. उजेडात निघा, उजेडात पोचा, नाहीतर धुळ्याला मुक्काम करा.

आता रिकॉल. आपल्याकडे २०१२ च्या जुलैपासून वाहन कंपन्यांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक रिकॉलची पद्धत सुरू झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सरकार आता कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. हे सक्तीचे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू होतात. २०१९ ची गाडी त्या सीमेवरची आहे. पण कंपन्या त्याहून जुन्या गाड्याही आपणहून बोलावतात, आणि सिटीचा इतिहास त्याचा चांगला नमुना आहे.

सिटीच्या इतिहासात दोन मोठी प्रकरणं आहेत. पहिलं ताकाताच्या एअरबॅगचं. ही जपानी कंपनी एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरायची. उष्णता आणि दमटपणा वर्षानुवर्षं सोसून ते रसायन खराब होतं, मग धडकेत ते प्रमाणाबाहेर जोराने पेटतं, धातूची डबी फुटते आणि तिचे तुकडे छर्र्यांसारखे चालकाच्या गळ्यात-छातीत घुसतात. २०१४ मध्ये मलेशियात सिटी चालवणारी एक गर्भवती स्त्री अशीच गेली. धडक किरकोळ होती. जगभर कोट्यवधी गाड्या बोलावल्या गेल्या, २०१७ मध्ये ताकाता दिवाळखोरीत गेली. भारतात होंडाने जुलै २०१६ मध्ये १,९०,५७८ गाड्या बोलावल्या, जानेवारी २०१७ मध्ये ४१,५८० आणि जानेवारी २०१८ मध्ये २२,८३४. तिन्ही वेळा यादीत सिटी होती. तुमच्या पाहण्यातली २०१९ ची गाडी त्यात येत नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात २००८ ते २०१३ मधली सिटी उभी असेल, आणि अशा गाड्या छावणीपासून विजयनगरपर्यंत अजून शेकड्यांनी दिसतात, तर त्यांनी आजच्या आज चेसिस नंबर तपासावा. आपल्याकडचा मे महिना त्या रसायनाला मानवणारा नाही.

दुसरं प्रकरण तुमच्या कामाचं. पेट्रोल पंपाचं, म्हणजे टाकीतल्या फ्युएल पंपाचं. त्यातलं फिरणारं चक्र, इंपेलर, सदोष निघालं. परिणाम असा की इंजिन चालता-चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही. जून २०२० मध्ये २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्या बोलावल्या. एप्रिल २०२१ मध्ये आणखी ७७,९५४, जानेवारी २०१९ ते सप्टेंबर २०२० मध्ये बनलेल्या. चौथ्या पिढीची सिटी त्यात आहे, म्हणजे तुमची २०१९ ची गाडी बरोबर या खिडकीत बसते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा ९०,४६८ जुन्या गाड्या, शिवाय २,२०४ अशा गाड्या ज्यांत हा पंप आधी सुटा भाग म्हणून बदललेला होता. म्हणून "पंप बदलला आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. कधी बदलला, कुठे बदलला, रिकॉलखाली की बाहेर, हे कागदावर बघा. बिजासनच्या चढावर मागे भरलेला ट्रक असताना इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

इतर सेडानचं थोडक्यात सांगतो. मारुती सियाझ आता बंद झाली, पण जुन्या बाजारात भरपूर आहे. तिच्या पेट्रोल-हायब्रिड गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी दोनदा बोलावल्या गेल्या, डिसेंबर २०१९ मध्ये इतर मॉडेल धरून ६३,४९३ आणि सप्टेंबर २०२१ मध्ये १,८१,७५४. दुसऱ्या वेळी कंपनीने भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये ९,१२५ गाड्यांत पुढच्या बेल्टची उंची जुळवणाऱ्या भागात दोष निघाला, त्यातही सियाझ होती. व्हर्नाच्या काही ऑटोमॅटिक गाड्या क्रेटासोबत फेब्रुवारी २०२४ मध्ये बोलावल्या, एकूण ७,६९८, गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी.

आणि तुम्ही विचारलेला बेल्टचा रिकॉल. तो खरा आहे. मे २०२५ मध्ये स्कोडा-फोक्सवॅगनने ४७,२३५ गाड्या बोलावल्या, २४ मे २०२४ ते १ एप्रिल २०२५ मध्ये बनलेल्या. त्यात व्हर्टस आणि स्लाव्हिया दोन्ही होत्या. दोष असा की समोरून धडक बसली तर मागच्या बेल्टची बक्कलमध्ये अडकणारी पट्टी तुटू शकते, आणि मधल्या जागेचा बेल्ट व उजवीकडचं बक्कल धरून ठेवू शकणार नाही. म्हणजे नेमकी तुमच्या घरातल्या मागच्या माणसांची जागा. हे वाचून घाबरायला होतं हे मला मान्य आहे. पण बघा, ही गोष्ट कंपनीनेच शोधली, जाहीर केली, फुकट बदलून दिली. १ एप्रिल २०२५ नंतर बनलेली गाडी त्यात नाहीच. तुम्ही नवी गाडी घेणार असाल तर बनल्याचा महिना आणि वर्ष मागा. डेमोची किंवा बराच काळ यार्डात उभी असलेली गाडी सूट देऊन गळ्यात मारतात, ती त्या तारखांमधली असू शकते. असेल तरी हरकत नाही, काम झाल्याचा कागद आधी, पैसे नंतर.

रिकॉल झाला म्हणून गाडी नाकारू नका. मी नाकारेन ती गाडी जिचा रिकॉल झाला आणि मालक गेलाच नाही. अशा गाड्या जुन्या बाजारात फार आहेत, आणि कारण साधं आहे. कंपनीचं पत्र, एसएमएस, फोन हे सगळं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. गाडी दिल्लीहून ग्वाल्हेरला, ग्वाल्हेरहून इंदूरला आली, तीन हात बदलले, पत्र दिल्लीच्या रिकाम्या फ्लॅटच्या दारात पडून आहे. चौथ्या मालकाला काही कळतच नाही. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी आरसीवरून सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर मागून घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायचं पान असतं, तिथे तो टाका. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, तेव्हा गोल दिसेल ते शून्य आणि उभी रेघ दिसेल तो एक. नंबर टाकून झाल्यावरही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडीची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी काढून घ्या. रिकॉलच्या कामाला पैसे लागत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही नाही. कुणी मागितले तर लेखी मागा.

जुनी गाडी घेताना याहून मोठा धोका आहे, आणि त्याला कुठलंही वेबसाइटचं पान पकडत नाही. अपघातात उघडलेली एअरबॅग. नवी बसवायला खर्च फार, म्हणून काही ठिकाणी ती बसवतच नाहीत. स्टिअरिंगचं झाकण नवं, डॅशबोर्ड शिवून रंगवलेला, आत काही नाही, आणि वायरला एक रेझिस्टर जोडलेला, म्हणजे यंत्रणेला वाटतं एअरबॅग आहे आणि दिवा विझतो. मी एका गाडीत स्टिअरिंग उघडलं तेव्हा आत नुसती पोकळी होती. त्या घरातली बारावीतली मुलगी त्याच गाडीवर शिकत होती. तेव्हापासून ओळखीतल्या गाडीवरही मी डोळे मिटून विश्वास टाकत नाही, विकणाऱ्यालाही माहीत नसू शकतं.

इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढला आहे, विझलाच नाही तर बिघाड आहे. पुढचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. खालच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवर बनल्याची तारीख असते, ती गाडीच्या तारखेच्या आसपास हवी. गाडी २०१९ ची आणि बेल्ट २०२२ चा, तर मधे काय झालं हे विचारा. बेल्ट सैल लोंबतो किंवा अडकून बसला असेल, तर धडकेत त्याचा प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा भाग, उडालेला असू शकतो. काचांवरची वर्षं एकसारखी आहेत का बघा. बॉनेटखाली एप्रनच्या कडेला कंपनीचे गोल वेल्डचे ठिपके ओळीत असतात, तिथे हाताने केलेलं वेल्डिंग किंवा पुट्टी दिसली तर परत फिरा, रंग कितीही चकाचक असो. आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे ती कधी उघडायची हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर, वाचून घ्या. रेझिस्टर जोडलेला असेल तर स्कॅनरही फसू शकतो, म्हणून वर सांगितलेलं आधी.

तुम्ही माझ्या घरातल्या असता तर मी काय सांगितलं असतं? कर्जाचा हप्ता झेपत असेल तर व्हर्टस किंवा स्लाव्हिया, त्यातही सहा एअरबॅगची, १ एप्रिल २०२५ नंतर बनलेली. कारण पिंजरा आणि बाजूच्या धडकेचं संरक्षण. झेपत नसेल तर २०१९ ची सिटी, पंपाचा रिकॉल झाल्याचा कागद, एअरबॅग आणि बेल्ट वर सांगितल्याप्रमाणे तपासलेले, आणि मागच्या मधल्या जागेला कसला बेल्ट आहे हे बघून. अनेक जुन्या सेडानमध्ये तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो. तसं असेल तर लांबच्या प्रवासात ती जागा मोठ्या माणसाला देऊ नका. पाच जण असताना मग सेडान अपुरी पडते, हे मी स्पष्ट सांगतो, आणि काही प्रवासांना दोघांनी रेल्वेने यावं हेही.

लेकीसाठी उंच पाठीचा बूस्टर, म्हणजे बेल्ट नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी सीट, घ्या, साधारण दीड मीटर उंची होईपर्यंत. बेल्टचा वरचा पट्टा खांद्यावरून जायला हवा, गळ्यावरून नाही. खालचा मांड्यांच्या मुळाशी, पोटावर नाही. बूस्टर खिडकीच्या बाजूला बसवा. मग उरलेल्या जागेत दोन मोठी माणसं दाटीने बसतात. सासरे अंगाने भरलेले असतील तर त्यांना पुढे बसवा, तुम्ही मागे या. लेकीला मांडीवर घेऊन पुढे बसू नका, अगदी राजवाड्यापर्यंतसुद्धा. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते आणि मांडीवरचं मूल तिच्या वाटेत येतं.

डॅशबोर्डवर गणपती बसवायची आपल्याकडे रीत आहे, माझ्याही गाडीत आहे. पण पुढच्या डाव्या बाजूला जिथे एअरबॅगची खूण आहे, तिथे धातूची किंवा दगडाची मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग उघडली की ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. मी गणपती मधल्या भागात, खाली, छोटा आणि हलका ठेवला आहे. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिच्यावर जाड सीट कव्हर चढवू नका, ती फाडून बाहेर यायला उशीर होतो.

आणि ज्या दिवशी गाडी बघायला जाल त्या दिवशी सासूबाईंना सोबत न्या. त्यांना मागे बसवा, बेल्ट लावायला सांगा आणि तुम्ही हात लावू नका. बक्कल सीटच्या फटीत बुडालं आहे का, त्यांच्या बोटांना ते सापडतं का, पट्टा गळ्याला घासतो का, सोडवताना बटण दाबलं जातं का, हे बघा. त्यांना जमत नसेल तर मानपूर येईपर्यंतसुद्धा त्या तो लावून ठेवणार नाहीत.